आयमार्क : प्रकल्प नोंदी, बडोदे

९ जून २०२४
आजपासून घरात आलेलं एकही रॅपर कचऱ्यात जाणार नाही. धुवायचं, वाळवायचं, मार्करनं तारीख घालायची, पोत्यात टाकायचं. २२ ऑगस्टपर्यंत, म्हणजे ७५ दिवस. मांजलपूरच्या घरात आम्ही तिघं: आई, बाबा, मी. धुण्याचं काम आईनं आपणहून घेतलं, कारण मी "नीट धूत नाही". दुधाच्या पिशव्या ती तशाही धुऊन दोरीला चिमट्यात लावते, त्यात आता चिप्सची पाकिटं.

प्रदर्शन नोव्हेंबरमध्ये, आठ जणांचं, गोरव्याच्या बाजूला एका रिकाम्या गोदामात. प्रस्तावात मी लिहिलंय की निवडक पन्नास रॅपरांच्या मूळ मापाच्या स्क्रीनप्रिंट प्रती हातानं करणार, आणि त्यातून "ब्रँडच्या दृश्यसत्तेची चिकित्सा" होणार. प्रस्तावात असंच लिहावं लागतं.

१६ जून
आठ दिवस, ६४ रॅपर. आम्ही चिप्स फारसे खात नाही असा माझा समज होता.

पस्तीवाले, म्हणजे रद्दीवाले काका आले होते. पोतं दाखवलं. दुधाच्या पिशव्या लगेच वेगळ्या काढल्या, त्या किलोवर जातात. एकाच जातीचं प्लास्टिक, वितळवून पुन्हा काही होतं. चकचकीत पाकिटं मात्र दोन बोटांनी उचलून परत टाकली. "बेन, आ नहीं चाले." त्यात दोन-तीन थर चिकटवलेले असतात, छपाईचा एक, चांदीसारखा एक, सील होणारा आतला एक. ते वेगळे करत बसणं कुणालाच परवडत नाही. २०२२ च्या जुलैपासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली, त्या यादीत स्ट्रॉ आहेत, कान कोरायच्या काड्या आहेत, मिठाईच्या खोक्यावरची फिल्म आहे. चिप्सचं पाकीट, शाम्पूची पुडी नाही.

२५ जून
वाचन. अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलचे सूपचे डबे १९६२ चे, लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत लागले, ३२ कॅनव्हास, कारण तेव्हा त्या सुपाचे ३२ प्रकार मिळत. हे सगळं पाठ होतं. पण ते कॅनव्हास छापलेले नाहीत, बहुतांश हातानं रंगवलेले आहेत, हे मी इतकी वर्षं प्रिंटमेकिंगमध्ये घालवूनही विसरले होते. छपाईसारखं दिसावं म्हणून हातानं केलेलं काम. म्हणजे माझ्या प्रस्तावातली "मूळ कल्पना" बासष्ट वर्षं जुनी.

दुसरी गोष्ट जास्त बोचली. १९६४ ची त्याची ब्रिलोची (भांडी घासायच्या स्क्रबरचा ब्रँड) खोकी, प्लायवुडवर स्क्रीननं छापलेली. बाजारातल्या खऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्याचं डिझाइन जेम्स हार्वीचं होतं. हार्वी स्वतः अमूर्त चित्रं काढणारा चित्रकार, पोटासाठी पॅकेजिंग करायचा. त्याचं खोकं फेकलं गेलं, वॉरहॉलचं संग्रहालयात गेलं.

३ जुलै
अकोट्याच्या गॅरेजमध्ये, माझ्या छापायच्या जागी, पहिल्या प्रती. मसाल्याचं छोटं पाकीट निवडलं. मूळ छपाई ग्रॅव्ह्युअरवर: प्रत्येक रंगाला एक कोरलेला तांब्याचा सिलिंडर, वर क्रोमचा मुलामा. या पाकिटाला सात रंग. मी चारांत बसवते. लाल बसत नाही. त्यांचा लाल तोंडाला पाणी आणतो, माझा लाल निवडणुकीच्या पत्रकासारखा दिसतो. दिवसभरात १९ प्रती, त्यातल्या सहा बाद.

कबूल करते: लोगोची वळणं ट्रेस करताना मजा येते. ज्यानं हे अक्षर काढलं त्याचा हात पक्का होता. चार तास एखाद्या पाकिटाकडे प्रेमानं बघत बसणं आणि त्याला चिकित्सा म्हणणं, यात काहीतरी गडबड आहे.

१२ जुलै
बाबांना प्रती दाखवल्या. बाबांनी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, २९ वर्षं पॅकिंग मशीन चालवलं. मसाले, जलजीरा, शेवटी शेवटी ग्लुकोजची पावडर. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. चष्मा लावून त्यांनी एक प्रत उजेडात धरली, उलटी केली, कडा बघितल्या.

"आयमार्क कुठाय?"

मला कळेना. त्यांनी खरं पाकीट घेतलं आणि मागच्या शिवणीपाशी, कडेला, एक काळा आयत दाखवला. सहा बाय बारा मिलीमीटर. माझ्या स्कॅनमध्ये तो होता, मी "फालतू" म्हणून काढून टाकला होता.

मग अर्धा तास बाबा बोलले. एवढं सलग मी त्यांना क्वचित बोलताना ऐकलंय. फिल्मचा रोल वरून येतो, कॉलरवरून वळतो, नळी होते, मागे उभी शिवण बसते. खाली जबडे मिटतात: एक आडवं सील, भरलेल्याचं तोंड आणि रिकाम्याचं बूड एकदमच, मध्ये सुरी. पण सुरीनं कुठं कापायचं हे मशीनला कसं कळणार? त्याला अक्षर वाचता येत नाही. फोटोसेल तेवढा काळा चौकोन शोधतो. चौकोन आला की काप. फोटोसेलवर पावडर बसली किंवा रोलचं टेन्शन ढिलं पडलं की चौकोन चुकतो, आणि मग अर्धा लोगो या पाकिटाच्या डोक्यावर, अर्धा पुढच्याच्या पायाशी.

"मिनिटाला साठ. लोगो कोण बघतंय? आम्ही आयमार्क बघायचो."

आई आतून म्हणाली, झोपेतसुद्धा बघायचे.

१३ जुलै
रात्रभर तेच डोक्यात. पाकिटावरचं सगळं चित्र गिऱ्हाइकासाठी असतं: हसरं बाळ, वाफाळती वाटी, "आता २०% जास्त". त्यात ही एकच आकृती अशी आहे जिचा प्रेक्षक यंत्र आहे, आणि यंत्राजवळ उभा असलेला माणूस. आणि ब्रँडवर टीका करणारी आम्ही मंडळी साठ वर्षं लोगोच रंगवत बसलोय. लोगोला तेच हवं असतं. त्याला मोठं करा, उलटं करा, रक्तात बुडवा, तो लक्षात राहतो.

तरी ठरलेल्या प्रती चालू ठेवते. प्रस्ताव मंजूर झालाय, आणि मला लगेच पलटी मारायची सवय आहे, ती मोडायचीय.

२१ जुलै
सिल्दो मेइरेलेस, ब्राझीलचा कलावंत. १९७० मध्ये, लष्करी राजवटीत, त्यानं कोका-कोलाच्या परत जाणाऱ्या काचेच्या बाटल्या घेतल्या, त्यांवर पांढऱ्या अक्षरांत राजकीय संदेश छापले आणि बाटल्या परत दुकानात दिल्या. रिकाम्या बाटलीवर पांढरी अक्षरं जवळजवळ दिसत नाहीत. कारखान्यात काळं पेय भरलं की ती उमटतात. कंपनीच्याच ट्रकमधून निरोप गावभर. याहून नेटकं काम या विषयात मला माहीत नाही.

इथं करता येईल का? नाही. त्याची युक्ती बाटलीच्या परतीच्या वाटेवर उभी आहे, आणि माझ्या पोत्यातलं काहीच परत जात नाही. लहानपणी रावपुऱ्यातल्या दुकानात वाणी रद्दीच्या कागदाची पुडी बांधायचा, दोऱ्याचे दोन वेढे आणि एक झटका. ती पुडीही परत जायची नाही, पण ती आधीच कुठूनतरी परत आलेली असायची. एकदा तिच्यावर मला माझ्याच शाळेचा प्रश्नपत्रिकेचा कागद सापडला होता.

२८ जुलै
बाबांना घेऊन लक्ष्मी विलासच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात, रविवर्म्याची मूळ तैलचित्रं बघायला. मी शिकत असताना दहादा गेलेय, ते बडोद्यात जन्मूनही पहिल्यांदा.

बडोदेकर मराठी माणसाला रविवर्मा म्हणजे सयाजीरावांचा चित्रकार. पण त्याचा देवघरातला रविवर्मा वेगळ्या वाटेनं आला. टी. माधवराव, तंजावरकडचे मराठी घराण्यातले, १८७५ ते १८८२ इथले दिवाण. त्यांनीच रविवर्म्याला सुचवलं होतं की तुझ्या चित्रांना मागणी इतकी आहे की एका हाताला पुरवणं शक्य नाही, काही निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती करून घे. १८९४ मध्ये रविवर्म्यानं मुंबईत स्वतःचा छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हातात. छपाई दगडावरून, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. दगड जरा सरकला की लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर. तीच चित्रं मग साबणाच्या कॅलेंडरांवर आणि काडेपेट्यांवर उतरली.

आजीच्या छापील लक्ष्मीची फ्रेम घरी आल्यावर उघडली. कागदाच्या कडा चौकटीत बसवायला कापलेल्या. रंग जुळवायच्या खुणा असल्याच तर त्या तिथंच गेल्या.

बाबांचा अभिप्राय: "मूळ चांगलंय, पण आपलीच बरी वाटते." परतताना सेव-उसळ. पैसे त्यांनीच दिले.

५ ऑगस्ट
३४ डिझाइनं झाली, प्रत्येकी चार प्रती. खांदा दुखतोय.

बाबांना आय वेवे या चिनी कलावंताच्या सूर्यफुलाच्या बियांचं सांगितलं. २०१०, लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये जमिनीवर १० कोटी बिया पसरलेल्या, प्रत्येक बी चिनी मातीची, जिंगदेझेन गावातल्या सुमारे १६०० माणसांनी हातानं रंगवलेली. "मेड इन चायना" म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं ते उलटं फिरवणारं काम, असं काहीसं मी म्हणाले. लोकांनी त्यावरून चालावं अशी योजना होती, पण काही दिवसांतच धूळ उडते म्हणून चालणं बंद केलं.

बाबांनी विचारलं, "आणि ज्यांनी रंगवल्या त्यांना मास्क होते का?"

मला उत्तर देता आलं नाही. या कामावरचे इतके लेख वाचले, हा प्रश्न माझ्याही डोक्यात आला नव्हता. बाबा रोज संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या रुमालाला जिऱ्याचा वास असायचा. आम्हाला तो आवडायचा.

२२ ऑगस्ट
मोजणी बंद. एकूण ५८७. दोन पोती, अकोट्याला गॅरेजमध्ये खाली ठेवली. प्रती शेल्फच्या खालच्या कप्प्यात, सपाट.

२६ ऑगस्ट
गोकुळाष्टमी. पाऊस थांबत नाही. विश्वामित्री नदीनं २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. अकोट्याला जाण्याचा प्रश्नच नाही.

२८ ऑगस्ट
पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. वीज नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मगरींचे व्हिडिओ.

३१ ऑगस्ट
गॅरेज उघडलं. भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ. १३६ प्रतींचा एक ठोकळा झालाय, पानं सुटत नाहीत, मधून पाणी गळतंय. माझा तो न जुळणारा लाल सगळीकडे पसरलेला. सहा स्क्रीनच्या चौकटी फुगल्या.

पोती चिखलानं भरली होती. ती घरी आणून आईनं नळाखाली धरली. पाच मिनिटांत ५८७ च्या ५८७ नव्यासारखी. हसरं बाळ हसतंय. तारखा सुद्धा बऱ्याच टिकल्या.

आज जास्त लिहीत नाही.

९ सप्टेंबर
गणपती बसून तिसरा दिवस. यंदा बऱ्याच घरांत भिंतींना अजून ओल आहे, तरी मखर झालंच. नदीकाठच्या बाभळींवर रॅपर अडकलेत, वरच्या फांद्यांपर्यंत, पाणी कुठवर आलं होतं ते त्यावरून मोजता येतं.

प्रती पुन्हा करणार नाही. इतका वेळही नाही, पण ते खरं कारण नाही. मला त्या नको आहेत.

१४ सप्टेंबर
नवं काम ठरलं. बाबांच्या लाइनचा एक तास. मिनिटाला साठ म्हणजे तासाला ३,६००. त्या मसाल्याच्या पाकिटाचा एक टप्पा १२ सेंटिमीटर, म्हणजे ४३२ मीटर लांब पट्टी. तिच्यावर दर १२ सेंटिमीटरला एक काळा आयत, सहा बाय बारा मिलीमीटर, आणि बाकी काही नाही. नाव नाही, रंग नाही, बाळ नाही.

फिल्मवर छापणार नाही. मांजरपाट. ९० सेंटिमीटर पन्ह्याचं ४४ मीटर कापड, त्याच्या उभ्या दहा पट्ट्या, ९ सेंटिमीटरच्या. मांजरपाट कात्रीनं कापायचं नसतं, कडेला चीर देऊन टरकावायचं. मंगळ बाजारातल्या दुकानदारानं विचारलं, "एवढं कशाला, पालखी आहे का?"

बाबांना कापड पसंत नाही. "ओढलं जाणार."

१० ऑक्टोबर
ठसा लिनोचा, म्हणजे कोरलेल्या लिनोलियमचा, मापाची पट्टी लाकडी, रोज साधारण ३३०. नवरात्र चालू आहे, लांबून गरब्याचे ढोल येतात, हात त्या ठेक्यावर पडायला लागतो आणि मग वेग वाढतो, शाई पुसट होते. ठेका बदलण्यासाठी मी रेडिओ लावला. चौथ्या दिवसापासून मोजणं बंद झालं, हात मोजतो. सहाव्या दिवशी जेवताना ताटातल्या चौकोनी ढोकळ्याकडे बघत बसले होते, आई म्हणाली, आता हिलाही लागलं.

एक नोंद स्वतःसाठी: हे ध्यान वगैरे नाही. कॅटलॉगमध्ये कुणी "ध्यानस्थ पुनरावृत्ती" लिहिलं तर खोडायचं. कंटाळा येतो, आणि मान आखडते.

११ ऑक्टोबर
आयोजकांचा निरोप: कामात ब्रँडची चिन्हं असतील तर झाकावीत, कायदेशीर भानगड नको. मी आधी भांडायच्या तयारीनं वाचून ठेवलं होतं. टाटांचा धामरा बंदराचा प्रकल्प आणि ऑलिव्ह रिडले कासवं यांवर ग्रीनपीसनं एक व्हिडिओ गेम काढला होता, त्यात टाटांचं चिन्ह वापरलं होतं. टाटा सन्स दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि २०११ च्या जानेवारीत न्यायालयानं खेळ थांबवायचा अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. टीका आणि विडंबन म्हणजे चिन्हाचा व्यापारी वापर नव्हे, हा त्यातला मुद्दा. छान लांबलचक उत्तर लिहिलं. मग लक्षात आलं की माझ्या कामात आता चिन्हच नाही. उत्तर पुसून "ठीक आहे" एवढंच पाठवलं. थोडी चुटपुट लागली.

१५ ऑक्टोबर
३,६०० पूर्ण. अकरा दिवस.

१० नोव्हेंबर
दिवाळीनंतर गोदाम ताब्यात मिळालं. पट्टी लाकडी रुळांवरून वरखाली फिरवायची, मशीनमध्ये फिल्म जाते तशी. २४ रूळ, सुताराकडून करून घेतले. दोघा ज्युनिअर मुलांनी दिवसभर मदत केली. त्यातल्या एकानं विचारलं, यात ब्रँड कुठाय? दुसरा म्हणाला, भूपेन खक्करनीही नुसतं घड्याळजीचं दुकानच काढलं होतं. प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं, पण मला खक्कर आठवले, सकाळी कारखान्याचे हिशेब आणि उरलेल्या वेळात चित्रं, याच गावात.

१३ नोव्हेंबर
बाबा मांडणी बघायला आले. येताना स्टीलची पट्टी, लाल पेन आणि जुना नॅपकिन घेऊन आले. मला वाटलं गंमत करतायत. त्यांनी पहिल्या रुळापाशी खुर्ची ओढली आणि खुणा मोजायला सुरुवात केली.

कापड ओढलं गेलंय, ते म्हणाले होते तसंच. पन्नास टप्प्यांना सहा मीटर हवेत, एके ठिकाणी चार सेंटिमीटर जास्त भरले. दोन मिलीमीटरच्या वर गेलं की ते खुणेशेजारी बारीक लाल फुली मारतात आणि पुढे सरकतात. मी म्हटलं, बाबा, हातानं केलंय, थोडं सरकणारच, तेच तर आहे त्यात.

"तुझ्यासाठी असेल," ते म्हणाले. "इथं माझी लाइन थांबली असती."

दुपारी चहा झाला, परत बसले. मी अडवलं नाही. आधी वाटलं, काम खराब होतंय. मग वाटलं, होऊ दे. मग काही वाटेनासं झालं, मी त्यांच्यासमोर पट्टी हलकी ताणून धरायला लागले, कारण एकट्यानं टेन्शन राहत नव्हतं. संध्याकाळी सातपर्यंत अर्धी पट्टी झाली.

१४ नोव्हेंबर
उरलेली अर्धी. एकूण फुल्या २११. बाबांच्या मते एका तासात एवढं रिजेक्शन म्हणजे सुपरवायझरनं घरी पाठवलं असतं. मध्येच एका जागी ते बराच वेळ थांबले, तिथे सलग चाळीसेक खुणा बरोबर बसल्यात. ही कधी केलीस, विचारलं. नवमीच्या रात्री, रेडिओ बंद पडला होता तेव्हा.

फुल्या पुसायच्या नाहीत, असं दोन्ही मुलांना बजावलं.

१५ नोव्हेंबर
भिंतीवरची पाटी परत छापून घेतली. कामाचं नाव, मांजरपाट, लिनो, ४३२ मीटर. माझं नाव. त्याखाली "तपासणी" म्हणून बाबांचं. पाटी वाचून त्यांनी मान हलवली, पण निघाले नाहीत, पेन काढून जागा शोधत राहिले.

"शिफ्ट लिहायची राहिली," म्हणाले. "दुसरी."